तृतीयेची भरती, चतुर्थीची ओहोटी

नागपूरहून मुलांना समुद्राकडे न्यायचं तर रेल्वेच्या वेळापत्रकाआधी कालनिर्णय हातात घ्यावं. तिथी कळली की भरती कळते, भरती कळली की बोटीची वेळ, बोटीवरून मुक्काम आणि मुक्कामावरून गाडी. आमच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या चाळीसेक मुलांची नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची सहल अशीच ठरली. शाळेत मात्र सगळं याच्या नेमकं उलटं चालतं. आधी सुट्टी बघतात, मग गाडी, मग पैसे, आणि तिथं गेल्यावर जे दिसेल ते दिसेल.

मी नंदनवनच्या बाजूच्या एका अनुदानित शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. मुलं सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत सुरेख काढतात, उधाणाची आणि भांगाची भरती बाणांसकट दाखवतात, पैकीच्या पैकी गुण घेतात. पण वर्गात विचारलं, पाणी मागे जातं म्हणजे किती मागे? कुणी म्हणे वीतभर, कुणी म्हणे लाट येते-जाते तेवढं. ‘लाट आणि भरती एकच ना मॅडम?’ असं विचारणारी मुलगी वर्गात पहिली येते. तिचा काय दोष? आमच्या फुटाळा आणि अंबाझरी तलावांना लाटा असतात, भरती नसते.

आमच्याकडे सहल म्हटली की रामटेक, खिंडसी, सेवाग्राम, फार झालं तर पेंच. या ठिकाणांविषयी माझी काही तक्रार नाही. पण मी ऐरोलीचं नाव काढलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पहिला विषय निघाला तो मुरूडचा. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, आणि तेव्हापासून समुद्राची सहल हा शब्द ऐकला की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या येतात. त्या आठ्या योग्यच आहेत. म्हणून प्रस्तावात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की कुणीही पाण्यात उतरणार नाही, पोहणं नाही, चौपाटीवर ‘मोकळा वेळ’ नाही. दर आठ मुलांमागे एक मोठा माणूस. बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. हे वाचून मुख्याध्यापक म्हणाले, ‘अहो मग समुद्रावर जाऊन करणार काय?’ शिकणार, म्हटलं. ते हसले, पण सही केली.

तारखेचा घोळ खरा मोठा. सगळ्यांच्या मनात २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार होता. शाळेचा एकही दिवस बुडत नाही, पालक खूश. मी कालनिर्णय उघडलं तर २५ ला रथसप्तमी, २६ ला अष्टमी. अष्टमीला चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोनात असतात, त्यांची ओढ एकमेकांना छेद देते, आणि भांगाची भरती येते. पाणी धड वर चढत नाही, धड खाली उतरत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाला तो त्याच्या निम्म्यावर येतो. खडकाळ किनाऱ्यावरचे जे जीव बघायचे ते खालच्या पट्ट्यात राहतात, आणि तो पट्टा अष्टमीला उघडाच पडत नाही. आठशे किलोमीटर जाऊन पाण्याखाली झाकलेले खडक काय बघायचे?

इथं कोकणातल्या मासेमारांचा एक जुना हिशेब कामी आला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. दुपारी एक भरती, पहाटे एक. त्याच्या आधी आणि नंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मुलांना हा हिशेब दिला आणि मुंबईच्या छापील भरती-तक्त्याशी पडताळायला सांगितला. कुठे दहा मिनिटांचा फरक, कुठे अर्ध्या तासाचा. आठवीतल्या एकानं कारणही शोधलं: भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आपण पंचेचाळीस धरतो, पण तिथी दिवसापेक्षा थोडी लहान असते म्हणून थोडंफार भरून निघतं. हे त्याचं त्यानं काढलेलं आहे. मी फक्त पन्नास मिनिटांचा आकडा दिला होता.

आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. एका दिवशी दुपारी भरती, म्हणजे ठाण्याच्या खाडीत बोट नीट फिरेल आणि पाणी चढल्यावर फ्लेमिंगो काठाकडे सरकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात चांगली ओहोटी, म्हणजे खडक उघडे पडतील. दोन्ही पुरं करणारी जोडी म्हणजे पौर्णिमेनंतरची तृतीया आणि चतुर्थी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती येत होती, बुधवारी आणि गुरुवारी. पौर्णिमेला नाही, कारण त्या दिवशी ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास येते, आणि चाळीस मुलांना पहाटे चारला उठवून अंधारात शेवाळलेल्या खडकांवर नेण्याची माझी तयारी नव्हती.

कामकाजाच्या दिवशी सहल म्हटल्यावर परवानगीच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी खरंच लिहिलं: ‘सदर दिवशी तृतीया व चतुर्थी असल्याने.’ ज्या कार्यालयात तो अर्ज गेला तिथल्या बाबूंनी चष्मा वर करून विचारलं, ‘मॅडम, मुहूर्त काढला का सहलीचा?’ मी तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, शेजारच्यांना दाखवला, आणि मग म्हणाले की कारण इंग्रजीत लिहून आणा. आणलं. त्यानंतर ती फाइल कुणाच्या तरी रजेत अडकली. आमचा प्राण तिकिटांत अडकलेला, कारण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि विदर्भ एक्स्प्रेसचा स्लीपर कुणाची वाट बघत नाही. शेवटी एका पालकानं गट आरक्षणाच्या अर्जामागे स्वतः फेऱ्या मारल्या. ते ऑटो चालवतात, स्टेशनात त्यांच्या ओळखी आहेत. ती धावपळ त्यांनी कशी जमवली ते मी विचारलं नाही.

पालकसभा सोपी गेली, हे माझ्या अपेक्षेविरुद्ध. एक वडील उठून म्हणाले, ‘मॅडम, पोट्टीले पाण्यात तं नाही नेणार ना?’ नाही म्हटलं. ‘मंग न्या. आम्ही काही समुद्र पाह्यला नाही, ते तरी पाहून येईल.’

केंद्राकडे ई-मेल आणि मग फोन. हे केंद्र वनखात्याच्या कांदळवन, म्हणजे खारफुटीच्या, कक्षाचं आहे. कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला, केंद्र त्यानंतर. गंमत अशी की राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आमच्या नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये. म्हणजे खारफुटीच्या खात्याचे मोठे साहेब समुद्रापासून आठशे किलोमीटर लांब, सागवानाच्या मुलखात बसतात. फोनवरच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो मुलांच्या संख्येचा आणि दुसरा, ‘तारीख कशी निवडली?’ मी तृतीया म्हणताच त्या म्हणाल्या, ‘मग बोट दुपारी ठेवू.’ एवढ्या खटपटीत पहिल्यांदाच कुणाला तरी काही समजावून सांगावं लागलं नाही.

जाण्याआधीचे आठवडे मला सहलीपेक्षा महत्त्वाचे वाटतात, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वर्गात तेवढं मीठ तोलून पाणी तयार केलं. मुलांनी चाखलं, तोंडं वाकडी केली. मग एकीनं घरून अंडं आणलं, कारण मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. अंडं टाकलं, ते सरळ तळाशी गेलं. वर्गात शांतता. पुन्हा टाकलं, पुन्हा तळाशी. ताज्या अंड्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त असते, त्याला तरंगायला त्याच्या तिपटीहून जास्त मीठ लागतं. आम्ही चमचा चमचा मीठ घालत गेलो आणि अंडं कधी हलतं ते बघत राहिलो. लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे गेल्यावर ते तळ सोडून डुलायला लागलं, आणि वर यायला आणखी मीठ लागलं. ‘म्हणजे समुद्रात अंडं बुडते!’ हा शोध त्या वर्गानं शाळाभर पसरवला. अंडं जुनं असेल तर मात्र साध्या पाण्यातही तरंगतं, तेव्हा हा प्रयोग करायचा तर अंडं त्याच दिवशीचं आणा.

दुसरं काम नकाशाचं. शाळेच्या मागून नाग नदी जाते. नदी म्हणायचं धाडस आम्ही करतो. तिचं पाणी कुठे जातं ते शोधा, एवढाच प्रश्न दिला. मुलांनी नकाशावर बोट ठेवून निघायचं होतं: नाग पिवळी नदीला घेऊन कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वाटेत गोसीखुर्द, पुढे वर्धा येऊन मिळाली की प्राणहिता, सिरोंचाजवळ गोदावरी, आणि मग आंध्रातून बंगालचा उपसागर. तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाची खारफुटी आहे. एकानं नकाशावरून मान वर केली आणि विचारलं, ‘मॅडम, आपलं पाणी तं तिकडे जाते. मंग आपण मुंबईले कायले जाऊन राह्यलो?’

प्रश्न बिनतोड होता. उत्तर व्यवहाराचं होतं: मुंबईला थेट गाडी आहे, तिथं माहिती मराठीत मिळते, आणि परवानगी राज्यातल्या राज्यात मिळते. पण त्या दिवसापासून वर्गात ‘आपला समुद्र’ म्हणजे पूर्वेचा आणि ‘बघायचा समुद्र’ म्हणजे पश्चिमेचा, अशी वाटणी झाली. फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही लिहिलेले होते, ते कुणी पुसलं नाही.

समुद्र आपल्यापासून फार लांबचा आहे ही समजूतही तपासली. छिंदवाडा जिल्ह्यातलं झिलमिली नागपूरहून काही तासांवर. तिथं दख्खनच्या लाव्हा थरांच्या मधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे, फोरामिनिफेरांचे अवशेष सापडले. त्यावरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा मध्य भारतापर्यंत आला होता अशी मांडणी संशोधकांनी २००९ मध्ये केली. मुलांच्या मामाची गावं छिंदवाड्याकडे आहेत, त्यामुळे ही बातमी त्यांनी घरी पोचवली. आणि खारं पाणी बघायला फार लांब जायलाच नको, विदर्भात लोणार आहेच. २०२० च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झालं होतं ते मुलांना लहानपणचं आठवत होतं. क्षार वाढल्यावर हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांनी पाण्याला रंग आला. हे लक्षात ठेवा, म्हटलं. ऐरोलीला उपयोगी पडेल.

मंगळवारी संध्याकाळी गाडीत बसलो. रात्रीविषयी सांगण्यासारखं काही नाही. चिवडा, संत्री, अंताक्षरी, आणि भुसावळला उगाच जागे झालेले सगळे. सकाळी ठाण्याला उतरलो, मुक्कामी सामान टाकून ट्रान्स हार्बरच्या लोकलनं ऐरोली. लोकलमध्ये चढण्या-उतरण्याचा सराव शाळेच्या व्हरांड्यात दोन खुर्च्यांच्या रांगा लावून करून घेतला होता. सगळे हसत होते आम्हाला. ठाण्यात ट्रेन थांबली तेव्हा कुणी हसलं नाही.

खाडीचं पहिलं दर्शन हा अपेक्षाभंगच. निळा समुद्र, फेसाळ लाटा असं काही नाही. सकाळची वेळ, ओहोटी होऊन गेलेली, समोर नजर जाईल तिथवर करडा, चकचकीत चिखल आणि त्याच्या कडेला बुटकी हिरवी झाडी. ‘मॅडम, हे तं चिखल आहे!’ आणि पाठोपाठ नाकाला रुमाल लावून दुसरा, ‘नाग नदीसारखा वास येऊन राह्यला.’ आमच्याबरोबरचा मार्गदर्शक तरुण होता, तो चिडला नाही. म्हणाला, ‘वास दोन कारणांनी येतो. या चिखलात खाली प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, तो कुजक्या अंड्यासारखा वास. तो खारफुटीत कुठंही येणार. दुसरा वास आमच्या शहरांच्या सांडपाण्याचा. तो तुमच्या नदीतही असेल.’ मुलांनी माना डोलावल्या. घरच्याच विषयावर आल्यासारखे सगळे जरा सैलावले.

मग तो आम्हाला झाडांपाशी घेऊन गेला. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या बुंध्याभोवती चिखलातून हजारो श्वसनमुळं वर आलेली, कुणी पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. चिखलात हवा नाही, म्हणून मुळं हवेत येतात. त्यानं तिवराचं एक पान उलटं केलं आणि उन्हाकडे धरलं. पानाच्या मागच्या बाजूला बारीक पांढरे कण चमकत होते. ‘चाटून बघा.’ सगळ्यांत आधी पुढे झाली ती अंड्यावाली. जीभ लावली, थांबली, पुन्हा लावली. ‘मीठच आहे!’ तिवर खारं पाणी आत घेतो आणि जास्तीचं मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. त्यानंतर पान चाटायला रांग लागली. एका पानावर किती जणांनी जीभ लावली ते मी बघितलं नाही असं ठरवलं.

कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाचं प्रकरण वेगळंच. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरव्या शेंगेसारखा लांब कोंब खाली लोंबतो आणि गळाला की चिखलात उभा रुततो, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे धरतो. मुलांनी तो हातात घेऊन तोलला. राज्यानं २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष जाहीर केलं, तिचीही ओळख झाली. पण सगळ्यांत भाव खाल्ला निवट्यांनी. चिखलावर पंखांनी सरकणारा, डोळे डोक्यावर असलेला, पाण्याबाहेर बसलेला मासा. दोन निवटे समोरासमोर पाठीवरचा पंख उभारून एकमेकांवर धावून गेले तेव्हा कठड्याला एकाच बाजूला चाळीस मुलं. मला तिथं ओरडावं लागलं.

केंद्राच्या आतल्या दालनांत फार रमलो नाही. तक्ते आणि प्रतिकृती चांगल्या आहेत, पण बाहेर जिवंत निवटा बघून आलेल्या मुलाला आत प्रतिकृती दाखवणं कठीण. अपवाद विदूषक माशांचा. त्यांचं बीजोत्पादन इथं होतं, समुद्रातून शोभेचे मासे ओरबाडून आणण्यापेक्षा ते टाकीत वाढवता यावेत म्हणून. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, मुलांनी पडद्यावर पाहिलेला मासा. केंद्रातल्या ताईंनी सांगितलं की हे सगळे आधी नर असतात, गटातली एकच सगळ्यात मोठी मादी होते, आणि ती मेली की तिच्या खालचा नर मादी होतो. मुलींची पहिली प्रतिक्रिया हसण्याची, मुलांची अविश्वासाची. ‘मंग तो बाप होता तो आई झाला?’ ताईंनी शांतपणे हो म्हटलं आणि पुढे गेल्या. मला हे सांगण्याची पद्धत फार आवडली. मी वर्गात यावर पाच मिनिटं प्रस्तावना केली असती.

तिथंच कासवाची बातमी कळली. २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला धातूचा बिल्ला लावला होता, क्रमांक ०३२३३. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, साडेतीन हजार किलोमीटर. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असावीत असं मानलं जायचं, त्या समजुतीला या एका बिल्ल्यानं धक्का दिला. माझी मुलं एकदम गलका करायला लागली आणि ताईंना कळेना काय झालं. मी सांगितलं, यांचा एक समुद्र पूर्वेला आहे आणि एक पश्चिमेला, आणि आता कुणीतरी एका समुद्रातून दुसऱ्यात आलं. ‘म्हणजे ते आपल्याकडून आली,’ नकाशावाल्यानं जाहीर केलं. गहिरमाथा आणि गोदावरीचं मुख यांच्यात बरंच अंतर आहे, पण तिथं तो वाद घालत बसले नाही.

दुपारी बोट. सगळे एकदम मावत नव्हते, दोन तुकड्या केल्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. लोणारला तो २०२० मध्येच मिळालेला, हे मुलांनी मार्गदर्शकाला ऐकवलं. पाणी चढत होतं, सकाळचा चिखल गायब, झाडांची श्वसनमुळं बुडलेली. छापील तक्ता अपोलो बंदरचा असतो, खाडीत आत पाणी त्यानंतर पोचतं, म्हणून पाऊणपटीचा सव्वादोनचा हिशेब इथं पुढे सरकला. आठवीतल्या त्या हिशेबनीसानं घड्याळ लावून नोंद ठेवली.

फ्लेमिंगो आधी नुसती गुलाबी रेघ म्हणून दिसले. बोटीचं इंजिन मंद केलं, जवळ गेलो, रेघेचे पाय सुटे झाले. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवणारे शेकडो पक्षी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत मुंबई परिसरात काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. छोटा रोहित, म्हणजे छोटा फ्लेमिंगो, मुख्यतः शेवाळ गाळून खातो, मोठा बारीक किडे-कोळंब्याही. पिल्लं राखाडी असतात, गुलाबी रंग खाण्यातून येतो, कॅरोटिनॉइडमधून. ‘लोणारवालं!’ बोटीतून आवाज आला. मग मार्गदर्शकानं जे सांगितलं ते मी अजून घोळवते आहे. खाडीत सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर नील-हरित शेवाळ माजतं, आणि त्या शेवाळावर हे पक्षी पोसले जातात. म्हणजे सकाळी ज्या वासानं नाक दाबलं त्याचा आणि या गुलाबी थव्याचा संबंध आहे. एका मुलीनं विचारलं, ‘मंग नाग नदीवर का नाही येत ते?’ त्यानं उथळ पाणी, मोकळा चिखल, खारेपणा अशी कारणं सांगितली. तिला पटलं नाही, वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. घाण पाणी पक्ष्यांना चांगलं असा अर्थ कुणी काढू नये म्हणून मी रात्री मुक्कामावर पुन्हा विषय काढला. त्याच पाण्यातून जड धातूही येतात, आणि शेवाळ फार माजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, हे बोलून घेतलं.

गुरुवारी सकाळी बस करून वांद्र्याच्या कार्टर रोडला. गर्दीच्या वेळी लोकलनं ही मुलं नेण्याचा सराव व्हरांड्यात होण्यासारखा नव्हता. हिशेबानं ओहोटी पावणेनऊला, आम्ही साडेसातला काठावर. ओहोटीला पोचायचं नसतं, ओहोटीच्या आधी पोचायचं असतं. पाणी उतरत असताना त्याच्यामागे चालत जायचं आणि ते वळलं की निघायचं. शिट्टी माझ्या गळ्यात, आणि शिट्टी वाजली की जे बघत असाल ते सोडून परत, एवढा एकच नियम.

खडक बघून मुलं आधी हसली. हा तर आपला सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड. तोच दख्खनचा बेसाल्ट, नागपूर त्याच्या पूर्वेच्या टोकाला आणि मुंबई पश्चिमेच्या. पण इथं दगडाचा प्रत्येक इंच कुणीतरी धरलेला होता. वर कोरड्यात बार्नॅकल, दगडाला चिकटलेले कवचातले जीव, दारं मिटून बसलेले. त्याच्या खाली कालवं. खाली डबक्यांत झोअँथिड या पोवळ्यांच्या नात्यातल्या जीवांचे हिरवट गालिचे, त्यांना हात लावायचा नाही कारण काही जातींत जबर विष असतं. एका डबक्यात समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, उघडलेलं होतं. आम्ही त्याच्याभोवती उकिडवे बसलो. एक शंख हलला. थांबला. पुन्हा हलला, आणि खालून दोन बारीक डोळे काड्यांवर वर आले. हर्मिट क्रॅब, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. त्यानं दगडाची कड चाचपली, एक नांगी बाहेर काढून बुरा खरवडला, तोंडात घातला, पुन्हा खरवडला. कुणाची तरी सावली पडली तसा खटकन आत गेला आणि नांगीनं दार लावून घेतलं. एका मुलाच्या खिशात तोवर तीन शंख जमले होते. मी काही बोलले नाही. त्यानं डबक्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, आणि तिन्ही शंख काढून डबक्याच्या काठावर ओळीनं मांडून ठेवले.

खडकांच्या फटीफटींतून प्लास्टिक होतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या थैल्या. मुलांनी नावं वाचली, सगळे ब्रँड ओळखीचे. आम्ही साफसफाईचा कार्यक्रम केला नाही. फोटो काढून अर्ध्या तासात निघून जाणाऱ्या साफसफाईवर माझा विश्वास नाही. त्याऐवजी एका चौरस मीटरची सुतळीची चौकट टाकून आत काय काय आहे ते मोजलं, जिवंत आणि मेलेलं दोन्ही. ती यादी परत आणली.

परत आल्यावर तीच चौकट मुलांनी नाग नदीच्या काठावर टाकली आणि दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या. जिवंतांच्या रकान्यात मोठा फरक पडला, पुड्यांच्या रकान्यात जवळजवळ नाही. ऐरोलीच्या केंद्राला दोन्ही याद्या पाठवल्या आहेत. बोटीवरच्या त्या मुलीचं प्रश्नचिन्हही जोडलं आहे.

कुणाला विदर्भातून असं जायचं असेल तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी. नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो असतात, पण मार्चनंतर नागपूरची मुलंसुद्धा मुंबईच्या घामानं हैराण होतात, आणि परीक्षाही असतात. पट्ट्याचे बंद बूट हवेत, चप्पल चिखलात राहते. आमच्या दोन चपला अजून खाडीत आहेत. बोटीच्या आधी पोटभर जेवण देऊ नका. पालकांना जमाखर्च पावत्यांसकट दाखवा, उरलेले पैसे परत करा, पुढच्या वर्षी सभा आणखी सोपी जाते. आणि कार्यालयात अर्ज करताना ‘तृतीया’ लिहू नका, ‘टायडल विंडो’ लिहा. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.